पथ्य मोडलं कुणी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते तिच्या डाव्या पायातली चपल बांधायचं. रोजचंच होतं ते. ती ओट्याच्या कडेला बसायची, पाय पुढं करायची, आन् मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी टाचेमागून घेऊन अंगठ्याजवळ अडकवायचो. पट्टी नसली की चालता चालता चपल मागं राहायची, आणि तिला पत्ताच लागायचा नाही. त्या दिवशी मी पट्टी जरा जास्तच ओढली. पायावर वळ उठला. तिला लागलं नव्हतं — त्या पायाला काही लागतच नव्हतं — पण वळ दिसला.

"कळत न्हाई म्हून काय खुंट्याला बांधल्यागत बांधता व्हय?" म्हणाली.

मी म्हणालो, "खुंटा बरा. बोलत तरी न्हाई."

हसली. उठली, पाय ओढत अंगणात गेली, उन्हात टाकलेल्या हुलग्यांवरून हात फिरवून आली आणि खाटेवर आडवी झाली. मी डेअरीवरून परत आलो तर गेली होती. दिवस डोक्यावरसुद्धा आला नव्हता. हृदय बंद पडलं, असं गावातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. शिरूरला दवाखान्यात न्यायचं काही कारणच उरलं नाही.

तो पाय असा कशानं झाला, ते आमच्या गावाला माहीत आहे. लेकीला माहीत आहे. पुण्याच्या दवाखान्यात फाईल आहे, तीत लिहून ठेवलेलं आहे. आन् ते सगळं खोटं आहे. खरं दोघांना ठाऊक होतं. त्यातली एक गेली. दुसऱ्यानं आजवर तोंड उघडलेलं नाही — लेकीपुढं नाही, देवापुढं नाही, तिच्यापुढंसुद्धा नाही. आज उघडतोय. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो की हात जड होतो. वाकडंतिकडं होईल. तुम्ही सांभाळून घ्या.

आधी म्हशीचं सांगतो. मुद्द्यावर लगेच येता येत नाही मला.

आमचं गाव शिरूर-दौंड रस्त्यावरून थोडं आत. घरात मी, ती — हौसा तिचं नाव, मी कधी नावानं हाक मारली नाही — आणि चंद्री म्हैस. एकच लेक, सुनंदा, दौंडला दिलेली. चंद्री हौसाच्या हाताची. काही म्हशी अशाच असतात. दुसऱ्या कुणाचा हात सडाला लागला की पान्हा चोरतात. कास भरलेली, तटतटलेली, आन् बादलीत चूळ भरण्याइतकं दूध. हौसा नुसती शेजारी येऊन उभी राहिली तरी हिचे सड गळायला लागायचे. मला त्याचं कौतुक होतं. चारचौघांत सांगायचो.

मग हौसाच्या कमरेतून कळ निघायला लागली. कंबर राहू द्या, कळ पायात उतरायची — मांडीच्या मागून पिंढरीत, पिंढरीतून अंगठ्यात. भाकरी थापता थापता उठायची आणि भिंत धरून उभी राहायची. तव्यावरची भाकरी करपायची. गोळ्या झाल्या, शेक झाला, हाडवैद्याचा लेप झाला. शेवटी सुनंदा आणि जावयानं पुण्याला नेलं. यंत्रात घालून फोटो काढला. मणक्यातली गादी सरकून नस दाबली आहे म्हणाले. दुर्बिणीतून ऑपरेशन करू, मोठं फाडायचं काही नाही.

मला पटेना. बोटाच्या पेराएवढी चीर, त्यातून काय निघणार? पण सकाळी आत नेलेली बाई त्यांनी त्याच संध्याकाळी चालवली. मी डोळ्यांनी बघितली. दुसऱ्या दिवशी घरी. गाडीतून उतरली ती ताठ उतरली. म्हणाली, "काटा काढल्यागत झालंय पायातनं." ते ऑपरेशन चांगलं झालं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं गावात लोक म्हणायला लागले की दुर्बिणीनं बाई लंगडी केली, आन् मी ते ऐकून घ्यायचो. डॉक्टरांच्या हाताचा त्यात काही दोष नव्हता.

डॉक्टर तरणे होते. सुट्टी देताना खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही. कमरेत वाकायचं नाही. पाण्याच्या तांब्यापेक्षा जड उचलायचं नाही. रोज चालायचं. आणि — हे त्यांनी दोनदा सांगितलं — पाऊल बधिर वाटलं, चपल पायातून सुटायला लागली, तर त्याच दिवशी यायचं. दिलेल्या तारखेची वाट बघायची नाही.

मी हौसाकडं बोट करून म्हणालो, "हिला सांगा, ही कामाची हपापलेली."

डॉक्टर म्हणाले, "मामा, पथ्य यांना नाही सांगत, तुम्हाला सांगतोय. बाया ऐकतात हो. घरं ऐकत नाहीत."

ऐकलंत ना? मला सांगितलं होतं. समोर बसून, माझ्या डोळ्यात बघून.

सुनंदा दहा दिवस राहिली. तिलाही चंद्रीनं पहिल्या दिवशी लाथ मारली. पण पोरगी हुशार. तिनं आईचं रोजचं लुगडं घेतलं, अंगावरचं, न धुतलेलं, ते डोक्यावरून पांघरलं आणि म्हशीखाली बसली. म्हशीनं मान वळवून वास घेतला आणि दूध सोडलं. जाताना मला म्हणाली, "आबा, लुगडं पांघरून बसत जावा. देती ती. महिन्याभराचा तर प्रश्न हाय."

मी हो म्हणालो.

आता किसनाचं सांगावं लागतंय. किसना आमचा शेजारी, माझ्याच वयाचा. तरणेपणी त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, तवा तो तिचं लुगडं पांघरून गाय पिळायचा. मी बघितलं आणि चावडीवर जाऊन सांगितलं. "किसना कुठला, किसनाबाई म्हणा आता." नाव मी ठेवलं. लोक इतके हसले की ते नाव चिकटलं. त्याच्या पोराच्या लग्नातसुद्धा कुणीतरी मांडवात हाक मारली, "किसनाबाई, अक्षता घ्या." त्यानं मान खाली घालून घेतल्या. चाळीस वर्षं मी ती गंमत सांगत आलो.

आन् आमचा गोठा कसा — रस्त्याला उघडा. समोरून सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन डेअरीवर जाणार. तिथं मी लुगडं पांघरून बसायचं?

नाही बसलो.

सुनंदा गेली त्या संध्याकाळी मी तसाच बसलो म्हशीखाली. पावशेर निघालं. सकाळी तेही नाही, वर लाथ. कास दगडासारखी झाली, म्हैस ओरडायला लागली. हौसा घरातून म्हणाली, "माझं लुगडं घ्या की, सुनंदानं सांगितलंय." मी म्हणालो, मला शहाणपण शिकवू नको. गोणपाटाचं बारदान बांधून गोठ्याचं तोंड झाकता आलं असतं. किसनाला बोलावता आलं असतं, त्याचा हात गुराला चालायचा — पण किसनाला कुठल्या तोंडानं बोलावू? त्या संध्याकाळी पुन्हा तेच. मग मी घरात गेलो आणि हौसाला म्हणालो —

हेच ते. हे लिहायला मला चार दिवस लागले आहेत. रोज इथंच येऊन थांबतो.

म्हणालो, "तुझ्या कमरेपायी मुकं जनावर मरंल. तुला चालतंय का बघ."

तिला चालणार नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणून तर तसं बोललो. म्हशीखाली बस, असं मी म्हणालो नाही — तेवढा मी पक्का. ती दाराला धरून उठली, गोठ्यात गेली, खुंट्याचा आधार घेत हळूहळू उकिडवी बसली. ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. चंद्रीनं भडाभडा दूध सोडलं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

असे तीन दिवस गेले. दोन्ही वेळा ती बसली. चौथ्या दिवशी सकाळी धार काढून उठताना मधेच थांबली. एक हात खुंट्यावर, एक कमरेवर. म्हणाली, "थांबा जरा. मुंग्या आल्या पायाला." मी बादली घेतली. ती गोठ्यातून ओट्यापर्यंत चालत गेली. बारा-पंधरा पावलं असतील. आणि तिची डावी चपल गोठ्यात शेणात पडलेली.

तिला कळलं नव्हतं. मला कळलं. डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं कानात वाजलं — चपल सुटली तर त्याच दिवशी. पुण्याची गाडी शिरूरवरून तासातासाला होती. मी काय केलं? चपल उचलली, नळाखाली धुतली, तिच्या पायाशी नेऊन ठेवली. आन् म्हणालो, "तारीख दिलीच हाय त्यांनी. तवा दाखवू."

का? तेव्हाच गेलो असतो तर डॉक्टरांनी विचारलं असतं, काय करताना झालं? म्हशीखाली बसली म्हणून सांगावं लागलं असतं. कुणी बसवली, हे आलंच मग. एवढंच. याहून मोठं कारण काही नाही.

आन् ऐका — त्याच संध्याकाळी मी गोठ्याला बारदान बांधलं, लुगडं पांघरलं आणि बसलो. आता ती बसूच शकत नव्हती, मग काय करणार? चंद्रीनं वास घेतला आणि दूध दिलं. किती सोपं होतं. हौसा भिंतीला धरत गोठ्याच्या तोंडाशी आली, बारदान सारून आत बघितलं. आधी हसली. पोट धरून हसली. "बरं दिसतं की तुम्हाला." मग हसू थांबलं. म्हणाली, "ह्येच आधी केलं असतं, तर —" आणि पुढं बोललीच नाही. बारदान सोडून घरात गेली. चार वर्षांत त्या गोष्टीवर ती बोललेलं एवढंच. तेही अर्धं.

तारीख महिन्यानं होती. तोवर पाऊल लोंबायला लागलं होतं. उंबऱ्याला अंगठा अडकायचा. सुनंदा दौंडवरून आली, आम्ही तिघं पुण्याला गेलो. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं, म्हणाले, "वर उचला आजी." ती जोर करत होती, कपाळाला घाम आला होता, अंगठा जागचा हलला नाही. डॉक्टरांचा चेहरा उतरला. कधीपासून? मी म्हणालो, झाले आठ-दहा दिवस. महिना झाला होता. मग विचारलं, "वाकल्या होत्या? खाली बसल्या होत्या? काही उचललं?"

त्यांनी तिला विचारलं होतं. उत्तर मी दिलं.

"ऐकत न्हाई हो डॉक्टर ती. माझी पाठ वळली की म्हशीखाली जाऊन बसती."

सुनंदा तिथंच होती. ती आईवर उखडली. "आई, सांगून गेले व्हते ना मी? आबा करणार व्हते ना? दम निघंना का तुला?" हौसानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. बाजारात हरवलेलं पोर बघतं ना, आपलं माणूस कुठलं या गर्दीत — तसं बघितलं. मग मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं बाई माझं."

डॉक्टर माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले. मग फायलीत लिहिलं. इंग्रजीत होतं, मी पुढं जावयाकडून वाचून घेतलं — रुग्णानं पथ्य पाळलं नाही. पुन्हा फोटो काढला. गादीचा राहिलेला तुकडा बाहेर येऊन नसेवर बसला होता. दुसऱ्यांदा काढला. दुखणं गेलं, पाऊल गेलं ते गेलंच. लगेच आला असता तर काही करता आलं असतं, म्हणाले. एक प्लॅस्टिकचा साचा दिला पायाला, तो घासायचा, जखम व्हायची. मग मी ट्यूबची पट्टी शोधून काढली.

डॉक्टर असंही म्हणाले होते की काही जणांना सगळं पथ्य पाळूनसुद्धा तुकडा पुन्हा बाहेर येतो. हे वाक्य मी पुष्कळ दिवस उराशी धरून ठेवलं होतं. आता धरत नाही. तसं झालं असेलही. पण चपल मी धुतली, ते तर दुसऱ्या कुणी केलं नाही ना? आन् खोटं मी बोललो.

दवाखान्यातून फोन यायचे. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं. ऑपरेशन झालेल्यांचं पुढं काय झालं, ते लिहून ठेवतात. एक गोड आवाजाची पोरगी होती. फोन माझ्या खिशात, म्हणून मीच बोलायचो. "आजोबा, आजींना दुखणं दहापैकी किती?" मी म्हणायचो, दोन. एकदा हौसा शेजारी तांदूळ निवडत बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तीन सांगायचं व्हतं. त्या लेकराला खोटं कशाला?" पोरगी विचारायची, पाऊल उचलता येतं का? न्हाई. कशामुळं झालं, काही सांगाल? आन् मी दर वेळी तेच — पथ्य पाळलं न्हाई तिनं. एकदा मी विचारलं, हे लिहून करता काय? म्हणाली, पुढच्या पेशंटना सांगायला उपयोग होतो. म्हणजे कुठल्या तरी गावच्या कुठल्या तरी बाईला आज कुणी सांगत असेल की बघा, बायका ऐकत नाहीत, आणि मग असं होतं. माझ्या तोंडचं ते.

सुनंदा चार वर्षं आईला बोलत राहिली. मायेनंच बोलायची. फोन आला की आधी तेच, "आता तरी ऐक गं आई." हौसा म्हणायची, "व्हय बाई, ऐकते." मी तिथंच असायचो. एकदाही मी म्हणालो नाही, की अगं, तिला नको, मला बोल. का बोलली नाही हौसा? मला वाचवायला? की बोलून उपयोग नाही, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं? मला माहीत नाही. विचारायला चार वर्षं होती. तेवढ्या वर्षांत मी रोज सकाळी तिच्यासमोर खाली बसून पट्टी बांधत होतो. लोक म्हणायचे, म्हातारा सेवा करतोय.

लुगड्याचं तसंच चाललं होतं. आठवड्यातून एकदा ती ते दिवसभर अंगाला लावायची, म्हणजे वास टिकावा म्हशीला. संध्याकाळी घडी करून गोठ्याच्या खुंटीवर ठेवायची.

ती गेली त्या दिवशी संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. धार राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं ओट्यावर बसली होती. सुनंदा भिंतीला टेकून होती. हौसाची धाकटी बहीण कमळा पाबळवरून आली होती. तिनं हौसाच्या कपड्यांचं बोचकं बांधलं होतं, नदीवर न्यायला. गोठ्यातलं लुगडंही त्यात आलं होतं. कमळा सरळ बोलणारी. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "दाजी, एक इचारते. सुनंदा म्हणती, ताईनं पथ्य मोडलं म्हून पाय गेला. मला पटत न्हाई. ताई कुणाचा शब्द मोडणारी नव्हती. खरं काय ते सांगा."

सुनंदानं वर बघितलं. हौसाची राख अजून गरम असेल.

मी म्हणालो, "ऐकायची न्हाई ती."

कमळानं पदर तोंडाला लावला. सुनंदा रडायला लागली. गोठ्यात चंद्री ओरडत होती, तिची कास रात्रभर भरलेली. मी उठलो, बोचक्याची गाठ सोडली आणि ते लुगडं ओढून काढलं. बायकांमधून हुंदका आला. "बघा गं, केवढा जीव म्हाताऱ्याचा," कुणीतरी म्हणालं. मी तेही ऐकून घेतलं. किसना धार काढायला म्हणून बादली घेऊन आला होता, गोठ्याच्या तोंडाशी उभा होता. त्यानं माझ्या हातातल्या लुगड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याला कळलं, ते कशासाठी आहे. त्यानं बादली माझ्या हातात दिली.

बारदान वर गुंडाळलेलं होतं. मी ते खाली सोडलं नाही. सगळं गाव बघत असताना लुगडं डोक्यावरून घेतलं आणि म्हशीखाली बसलो. चंद्रीनं मान वळवून वास घेतला आणि दूध सोडलं. मी धार काढली.